ब्रासेरो मजूर आणि अमेरिकेतील दवाखाना

अमेरिकेतील डॉक्टर मंडळी गेली कित्येक वर्षे एक तक्रार करीत आली आहेत. लॅटिनो पुरुष वेळेवर दवाखान्यात येत नाही, ही ती तक्रार. बायकोला घेऊन तो येतो, पोराला ताप आला तर त्याला उचलून आणतो. स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढतो. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला कळते तेव्हा पुष्कळदा डोळ्यांवर नाही तर पायांवर त्याचा परिणाम होऊन चुकलेला असतो. पाहण्यांमागून पाहण्या झाल्या. ज्यांना ठरलेला डॉक्टर नाही, ज्यांचा आरोग्यविमा नाही, अशांत ह्या पुरुषांचे प्रमाण नेहमीच मोठे आढळले.

लॅटिनो हा शब्द ऐसपैस आहे. २०२० च्या अमेरिकन शिरगणतीत अशी माणसे ६ कोटी २१ लाख भरली. त्यांत प्वेर्तो रिकोचे आहेत, क्यूबाचे आहेत, ग्वातेमाला-साल्वादोरचे आहेत. पण सुमारे तीन-पंचमांश एकट्या मेक्सिकन वंशाचे. तेव्हा आम्ही आज बोलणार आहोत ते मुख्यतः मेक्सिकन मजुराविषयी.

त्याच्या ह्या टाळाटाळीचे एक ठरीव कारण सांगतात, ते म्हणजे ‘माचिस्मो’, मर्दानी बाणा. मर्दाने दुखते म्हणू नये, कण्हू नये, परक्यापुढे अंग उघडे करू नये. ह्या कल्पनेला वाङ्मयाचाही मोठा आधार आहे. १९६२ ते १९६८ ह्या काळात मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत राहिलेले कवी ओक्ताव्हियो पाझ ह्यांनी १९५० साली आपल्या देशबांधवांच्या स्वभावावर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. स्वतःला दुसऱ्यापुढे उघडे करणे हीच मेक्सिकन पुरुषाला हार वाटते, असे त्यांनी त्यात मांडले आहे. पाझ ह्यांची बुद्धी मोठी, ह्यात शंका नाही; परंतु असे विवेचन हाताशी असले की कारणमीमांसा फार स्वस्त होते. दोष रोग्याच्या स्वभावात निघाला म्हणजे दवाखान्याने स्वतःकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

आमचा आक्षेप असा, की ह्या माणसाची आणि डॉक्टरची पहिली गाठ कोठे पडली हे कोणी विचारीत नाही. ती दवाखान्यात पडली नाही, सरहद्दीवर पडली. डॉक्टर त्याच्यासमोर उभा राहिला तो औषध घेऊन नव्हे, चाळणी घेऊन. जो चाळणीतून खाली पडला त्याला काम मिळाले. जो वर राहिला तो घरी गेला. हा अनुभव दोन-तीन पिढ्या घेतल्यावर माणूस आपले दुखणे लपवू लागला, तर त्याला स्वभाव म्हणावे की शहाणपण, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

एल पासो आणि हुआरेझ ही रिओ ग्रांदे नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरे, एक अमेरिकेत, दुसरे मेक्सिकोत. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत, १९१६-१७ च्या सुमारास, मेक्सिकोतून टायफसचा ताप येईल अशी एल पासोच्या अधिकाऱ्यांना धास्ती पडली. ही धास्ती अगदीच निराधार नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल ह्याने १९०९ साली दाखवून दिले होते, आणि १९१० साली त्याच रोगाचा अभ्यास करताना हॉवर्ड रिकेट्स हा अमेरिकन संशोधक मेक्सिको शहरात त्याच तापाने वारला होता. पण शास्त्र खरे असले म्हणजे व्यवहार न्याय्य असतोच असे नाही. पुलावरून कामाला येणाऱ्या गरीब मेक्सिकनांना कपडे उतरवून, रॉकेल व तत्सम द्रव्यांनी उवा मारून, आंघोळ घालून मगच आत सोडण्यात येऊ लागले. चांगल्या कपड्यांतील माणूस पहिल्या वर्गाने आला तर त्याच्या अंगावर उवा नसतात, असे गृहीत होते. मार्च १९१६ मध्ये एल पासोच्या तुरुंगात कैद्यांना अशाच ज्वालाग्राही द्रव्याने आंघोळ घालताना आग भडकली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. पुढे २८ जानेवारी १९१७ रोजी कार्मेलिता तोरेस ही सतरा वर्षांची मोलकरीण पुलावर ट्राममधून खाली उतरली आणि आंघोळीला नाही म्हणाली. तिच्याबरोबर दुसऱ्या बायका उतरल्या, आणि दुपारपर्यंत पूल माणसांनी भरून गेला. दंगा मोडला. आंघोळी पुढे कित्येक वर्षे चालूच राहिल्या.

१९२४ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत फुप्फुसाचा प्लेग निघाला आणि तीसएक माणसे दगावली. ही साथ म्हणजे १८९४ साली हाँगकाँगला आणि १८९६ साली मुंबईला पोचलेल्या त्याच जागतिक साथीची उशिरा फुटलेली फांदी. वस्तीभोवती पहारे बसले, झोपड्या पाडल्या गेल्या. महाराष्ट्रातील श्रोत्यांना १८९७ चे पुणे समजावून सांगावयास नको. घरात शिरणारा शिपाई आणि नाडी पाहणारा डॉक्टर हे एकाच दारातून आत आले म्हणजे लोक रोग्याला माळ्यावर लपवतात, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेले आहे. पुढे मंदीच्या दिवसांत, १९३१ पासून, लॉस एंजेलिस परगण्याच्या धर्मादाय खात्याने मेक्सिकनांना आगगाड्या भरून परत धाडले. परत धाडलेल्यांत क्षयाचे रोगीही होते.

आता मुख्य विषयाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील तरुण लष्करात गेले, शेतांवर माणूस मिळेना. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन सरकारांचा करार झाला आणि सप्टेंबरात मेक्सिकन मजुरांची पहिली तुकडी बीटाच्या कापणीसाठी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे उतरली. ह्या मजुरांना नाव पडले ब्रासेरो. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे ज्याचे बाहू हेच भांडवल तो. आपल्याकडे ‘हातावर पोट असलेला’ म्हणतात तसाच हा शब्द आहे, पण पोटाचा उल्लेख गाळून केवळ हातावर थांबलेला. युद्ध १९४५ साली संपले, ही व्यवस्था मात्र ३१ डिसेंबर १९६४ पर्यंत चालली. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. एकेक माणूस अनेकदा गेला, म्हणून माणसे त्याहून कमी. एकट्या १९५६ साली ४ लाख ४५ हजार करार झाले. सगळे पुरुष. बायकामुलांना बरोबर नेण्याची मुभा नव्हती.

हे लोक आले कोठून? वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे ह्यांनी चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवीत असताना ज्या शेतकऱ्यांसाठी मक्याच्या नि गव्हाच्या वाणांवर कष्ट घेतले, त्यांच्यातलेच हे. क्रांतीने जमीन वाटली, पण सगळ्यांना पुरली नाही, आणि जिरायती तुकड्यावर कुटुंब चालेना. गावच्या अधिकाऱ्याकडून यादीत नाव घालून घ्यावयाचे, त्यासाठी बहुधा चिरीमिरी द्यावयाची, आणि एम्पाल्मे, मोंतेरे, चिवावा अशा भरतीकेंद्रांवर जाऊन आपला नंबर लागण्याची वाट पाहत उघड्यावर दिवस काढावयाचे. कित्येकांनी ह्या प्रवासासाठी कर्ज काढलेले असे. नापास होऊन परत जाणे म्हणजे नुसती निराशा नव्हे, सावकार दारात.

भरतीकेंद्रावर प्रथम हात पाहत. तळव्याला घट्टे असले तर माणूस खरा शेतमजूर; तळवा मऊ असला तर शहरातला लबाड. मग कपडे उतरवून रांगेने उभे करीत. छातीचे क्ष-किरण चित्र, क्षयासाठी. रक्त, उपदंशासाठी. डोळे, दात, हर्निया. सरहद्द ओलांडली की एल पासोजवळचे रिओ व्हिस्ता, टेक्ससमधील हिदाल्गो, कॅलिफोर्नियातील एल सेंत्रो अशा स्वागतकेंद्रांवर पुन्हा तेच, आणि शिवाय डीडीटीची फवारणी. लेनर्ड नाडेल ह्या छायाचित्रकाराने १९५६ साली हिदाल्गो येथे टिपलेले एक चित्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. उघड्या अंगाचे मजूर रांगेत उभे आहेत, आणि तोंडावर मुखवटा चढवलेला एक नोकर त्यांच्यातल्या एकाच्या तोंडावर पावडर उडवतो आहे. मुखवटा उडवणाऱ्याला आहे, ज्याच्यावर उडवली त्याला नाही. त्या काळी डीडीटी निरुपद्रवी समजत असत, असे उत्तर मिळते. मग मुखवटा कशाला? शेतीतील डीडीटीवर अमेरिकेने १९७२ साली बंदी घातली. रिओ व्हिस्ताचे ते केंद्र २०२३ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाले.

ह्या सोपस्कारात डॉक्टरचा प्रश्न ‘तुला काय होते आहे?’ असा नव्हता. ‘तू चालशील काय?’ असा होता. बैलबाजारात दात पाहणारा मनुष्य बैलाचा वैद्य नसतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; ब्रासेरोलाही सांगावे लागले नाही. तो शिकला ते एवढेच, की खोकला आवरावयाचा, लंगडावयाचे नाही, आणि विचारल्यास सगळे ठीक आहे म्हणावयाचे. सरकारी वैद्यकाची त्या काळची नजर कशी होती ह्याचा एक भयंकर पुरावा सरहद्दीच्या बराच दक्षिणेला आहे. १९४६ ते १९४८ ह्या वर्षांत अमेरिकन सार्वजनिक आरोग्यसेवेच्या डॉक्टरांनी ग्वातेमालात कैद्यांना, सैनिकांना, वेड्यांच्या इस्पितळातील रोग्यांना त्यांच्या संमतीवाचून उपदंशादी रोगांची लागण करून प्रयोग केले. प्रकरण उजेडात आले ते २०१० साली, आणि अमेरिकेने माफी मागितली. ब्रासेरोंना ह्याची वार्ताही नव्हती, तेव्हा त्यांच्या भयाचे कारण म्हणून आम्ही हे सांगत नाही. त्यांची रांगेत तपासणी करणारी तीच सेवा होती, एवढे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उपचाराची सोय मुळीच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंदीच्या काळात फिरत्या शेतमजुरांसाठी सरकारी मदतीने आरोग्यसंघ निघाले होते. कॅलिफोर्निया व ॲरिझोनातील संघ १९३८ चा. युद्धकाळात त्यांचा लाभ ब्रासेरोंनाही झाला. पण १९४७ साली तो कारभार गुंडाळला गेला. पुढे कामावरच्या दुखापतीची जबाबदारी मालकावर आणि इतर आजारांसाठी मजुराच्या मजुरीतून कापलेल्या पैशाचा विमा, अशी व्यवस्था राहिली. कागदावर ती बरी दिसते. मेक्सिकोत जन्मलेले आणि कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झालेले एर्नेस्तो गालार्सा ह्यांनी तळातळावर जाऊन मजुरांना बोलते केले आणि १९५६ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अन्न, निवारा, मजुरीतील कपात, विमा ह्या सर्वांविषयी मजुरांच्या तोंडची गाऱ्हाणी तीत आहेत. कागदावरचे हक्क शेतापर्यंत पोचत नव्हते, हे तीवरून दिसते. आणि करार मालकाच्या मर्जीवर नव्याने व्हावयाचा असल्यामुळे ‘हा दुखणेकरी’ अशी नोंद होणे दुखण्यापेक्षा महाग पडे. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातील चुआलार येथे मजुरांनी भरलेला, बाके टाकून बस केलेला एक ट्रक आगगाडीखाली सापडला. बत्तीस ब्रासेरो मेले. चौकशीचे काम गालार्सांकडेच आले.

आता एका अवजाराची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण सगळा विषय तीत सापडतो. सालिनासच्या खोऱ्यात सॅलडची पाने नि बीट विरळण्यासाठी मजुरांना आखूड दांड्याची कुदळी देत. दांडा हातभर, कधी त्याहूनही कमी. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखुडली, म्हणत. आपल्याकडे खुरपणी बसून होते. बाई उकिडवी बसते आणि सरकत पुढे जाते. हिच्यासाठी मात्र कमरेतून दुहेरी वाकून, तसेच वाकलेल्या स्थितीत, दिवसभर सरीच्या सरी चालावे लागे. मालक म्हणत, लांब दांड्याने रोप दुखावते. लांब दांड्याने हेच पीक इतरत्र निघत होते. मजुरांच्या मते खरे कारण दुसरे होते. कोणी कंबर सरळ करण्यासाठी उभा राहिला तर मुकादमाला तो शेताच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. आखूड दांडा हा पिकावरचा नव्हे, माणसावरचा पहारा होता.

ग्रामीण गरिबांना कायद्याची मदत देणाऱ्या वकिलांनी १९७० नंतर हे प्रकरण हाती घेतले. डॉक्टरांनी साक्षी दिल्या, की असे वाकून काम केल्याने कण्याची झीज होते आणि ती भरून येत नाही. औद्योगिक सुरक्षितता खात्याने म्हटले, अवजार मोडके असेल तर धोक्याचे. ही कुदळी तर धडधाकट आहे! १३ जानेवारी १९७५ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. जे अवजार नीट वापरूनही माणसाला मोडते ते असुरक्षितच, असा त्या निकालाचा आशय. आणि त्याच वर्षी त्या कुदळीवर बंदी आली. आम्हांला ह्यात विशेष वाटते ते असे. इतकी वर्षे शेकडो पाठी मोडत होत्या, आणि त्या पाठी दवाखान्याच्या वहीत पुरत्या कधीच उमटल्या नाहीत. त्या न्यायालयात प्रथम मोजल्या गेल्या. डॉक्टर मजुराच्या बाजूने बोलताना ह्या इतिहासात दिसतो तो असा पंच्याहत्तर साली, आणि तोही वकिलाने बोलावल्यावर.

शेतमजूर संघटनेनेही ह्या दिशेने काही केले. डेलानोचा द्राक्षसंप ८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो मजुरांनी सुरू केला, आठवड्याभराने मेक्सिकन त्यात सामील झाले, आणि १९७० मध्ये मालकांनी करार केले. त्या करारांत विषारी फवाऱ्यांवर बंधने होती, आणि मालकाने दर तासामागे १० सेंट आरोग्यनिधीत घालावयाचे कलम होते. संघटनेने डेलानोत स्वतःचा दवाखानाही काढला. संघटनेचे पुढे काय झाले हा निराळा विषय आहे.

कायद्याची पावले मात्र एक पुढे, एक मागे अशीच पडत गेली. १९६२ साली फिरत्या मजुरांच्या दवाखान्यांना केंद्राचे अनुदान देणारा कायदा झाला आणि तो खरोखर उपयोगी पडला. १९८६ पासून तातडीच्या रोग्याला कोणत्याही इस्पितळाने तपासल्याशिवाय परत पाठवू नये असा दंडक आहे. म्हणजे मरणाच्या दारात पोचलेल्याला दार उघडे, त्याच्या अलीकडे असलेल्याला बंद. १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्यांना तातडीखेरीज इतर सार्वजनिक उपचार देऊ नयेत असा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. न्यायालयाने तो अडवला, पण दवाखान्यात जाणे म्हणजे पकडले जाणे ही समजूत पसरावयाची ती पसरलीच. १९९६ च्या कायद्याने रीतसर आलेल्या परदेशीयांनाही बहुतेक सवलतींपासून पाच वर्षे दूर ठेवले. सरकारवर भार होईल त्याला देशात घेऊ नये, ही कल्पना तर १८८२ च्या कायद्याइतकी जुनी. २०१९ साली तिचा अर्थ ताणून सरकारी उपचार घेणाऱ्यांपर्यंत नेला, २०२१ साली तो मागे घेतला. २०२४ च्या आरंभी कॅलिफोर्नियाने आपली गरिबांची आरोग्ययोजना कागदपत्रे न पाहता सर्व वयांना खुली केली. २०२६ च्या आरंभापासून तशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवण्याचे पुढच्याच वर्षी ठरले. त्याच २०२५ साली गरिबांच्या आरोग्ययोजनेतील रोग्यांची माहिती परदेशीयांना हुडकणाऱ्या खात्याच्या हाती दिल्याचे उघड झाले आणि वाद न्यायालयात गेला. आता सांगा, दवाखान्यात नाव नोंदवावयास कचरणारा मनुष्य मर्दानी बाण्याने कचरतो काय?

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. हा मनुष्य डॉक्टरकडे जात नाही, गरीब आहे, कष्टाने झिजला आहे. मग तो लौकर मरत असला पाहिजे. तसे नाही! कीरियाकोस मार्किडीस आणि जनीन कोरील ह्या दोन अभ्यासकांनी १९८६ साली नैर्ऋत्य अमेरिकेतील आकडे मांडून दाखवले, की गरिबी असूनही ह्या लोकांचे मृत्युमान गोऱ्यांच्या जवळपास आहे. पुढील आकडे त्याहून चांगले निघाले. २०१९ साली लॅटिनोंचे सरासरी आयुर्मान ८१.९ वर्षे होते, गोऱ्यांचे ७८.८. ह्या कोड्याची उत्तरे अनेक दिली गेली: ते विड्या कमी ओढतात, कुटुंब धरून राहतात, म्हातारे व आजारी झालेले मायदेशी परततात. सर्वांत मोलाचे उत्तर आमच्या मते हे, की घर सोडून एवढ्या लांब येतो तो मुळात निरोगी असतो. बावीस वर्षे सरकारनेच घट्टे पाहून आणि छातीचे चित्र काढून धडधाकट तेवढे आत घेतले. त्यानंतर वाळवंट आणि नदी ह्यांनी तेच काम केले. अशा माणसाची प्रकृती चांगली असणे हे दवाखान्याचे यश नव्हे. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांत हा लाभ ओसरू लागतो, आणि मधुमेहाने होणारे मृत्यू लॅटिनोंत गोऱ्यांच्या सुमारे दीडपट आहेत. मधुमेह हा वाट पाहणारा रोग आहे. ताकदीने त्याला हरवता येत नाही, वेळेवर पाहावे लागते.

ह्या धडधाकटपणाचा भरवसा किती, ते २०२० च्या करोनाने दाखवले. मांस कापण्याचे कारखाने, शेते, बांधकामे बंद ठेवता येण्याजोगी नव्हती, आणि तेथे उभे होते हेच लोक. एका वर्षात लॅटिनोंचे आयुर्मान ८१.९ वरून ७७.९ वर आले. पुरुषांचे त्याहूनही अधिक घटले. कामावरचे अपघाती मृत्यू घेतले तरी २०२२ साली दर लाख कामगारांमागे सर्वांचे प्रमाण ३.७ आणि लॅटिनोंचे ४.६ होते.

दवाखाना माणसाकडे येत नसेल तर माणूस जेथे जातो तेथे दवाखाना न्यावा, ही युक्ती शेवटी सुचली ती अमेरिकेला नव्हे, मेक्सिकोला. पारपत्र, ओळखपत्र, जन्माचा दाखला ह्यांसाठी ह्या पुरुषांना आपल्या वकिलातीत जावेच लागते. २००३ साली सान दिएगोच्या वकिलातीत ‘व्हेंतानिया दे सालुद’, म्हणजे आरोग्याची खिडकी, सुरू झाली, आणि पुढे ती अमेरिकेतील मेक्सिकन वकिलातींतून सर्वत्र उघडली. कागदाच्या रांगेत तास-दोन तास उभे राहणे भाग असते. तेवढ्यात आपल्याच भाषेत बोलणारी एखादी बाई बोलावते, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजते, बोटाला टोचून साखर पाहते, आणि जास्त निघाली तर जवळच्या स्वस्त दवाखान्याचा पत्ता देते. रांग तीच, रक्त काढणेही तेच. साखर जास्त निघाली म्हणून कोणाचे पारपत्र अडत नाही.